येरळवाडीची ओहोटी

दिवस पहिला, शुक्रवार

जीपच्या टपावर पीव्हीसीच्या सहा नळ्या, बांबूच्या पंचवीस काठ्या, दोन लांब फळ्या, चार बादल्या आणि पीठ चाळतात तशा पण तळाला बारीक जाळी लावलेल्या तीन चाळण्या. हे सगळं बांधून झाल्यावर अण्णांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरकाकांनी, एकदा वर बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"मॅडम, बोअर मारायला चाललाय का?"

चिखल बघायला चाललोय म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. पण कोरेगाव येईपर्यंत दोनदा आरशातून आमच्याकडे बघितलं.

मी साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकवते. दिवाळीत रत्नागिरीच्या मैत्रिणीकडे गेले होते. काजळी नदी समुद्राला मिळते तिथल्या भाट्याच्या खाडीत ही बाई गेली कित्येक वर्षं ओहोटीच्या वेळा बघून जगते. सुकती लागली की चिखलात उतरायचं, नळ्या खुपसायच्या, गाळ चाळायचा, त्यातले किडे, शिंपले, खेकडे मोजायचे आणि पाणी चढायच्या आत बाहेर यायचं. जेवताना तिने सहज विचारलं, "तुमच्याकडं धरणांचं पाणी उतरल्यावर चिखल उघडा पडतो ना, त्यात काय राहतं हे कुणी बघितलंय का?" मी म्हटलं, बघितलेलं माहीत नाही, पण खटाव तालुक्यात येरळवाडीच्या धरणावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. "रोहित येतात म्हणजे खाणं आहे," ती म्हणाली. त्या एका वाक्यावर हा चार दिवसांचा दौरा ठरला. एम.एस्सी.ची दोन पोरं, एक मुलगा आणि एक मुलगी, मार्कांच्या आशेने तयार झाली.

साताऱ्याहून समुद्राकडे निघालं की कुठला ना कुठला घाट उतरावा लागतो. आम्ही बरोबर उलटे, पूर्वेला. पुसेगाव मागे पडलं तशी झाडी कमी कमी होत गेली. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडे पाचशेच्या आसपास. मैत्रीण खिडकीतून ते माळ बघत होती. "इथं चिखल मिळणार?" तिने विचारलं. तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

वडूजला लॉजवर सामान टाकलं. ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्च्यावर झालेल्या गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले, ते हे गाव. पोरांना एवढं सांगितलं आणि उजेड असेपर्यंत धरण गाठायचं म्हणून लगेच निघालो.

येरळा नदी खटावच्याच डोंगरात उगम पावते आणि खाली सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वाटेत वडूजच्या खालच्या अंगाला तिला येरळवाडीचा बांध आडवा येतो. बांधावर चढलो तेव्हा सूर्य खाली आला होता. पाणी बरंच मागे सरलेलं. मध्ये काळ्या गाळाचा रुंद पट्टा, आणि पलीकडे उथळ पाण्यात गुलाबी रेघ. दुर्बीण लावली तर रेघेला पाय फुटले.

मैत्रिणीने मात्र पक्षी बघायच्या आधी नेहमीचा प्रश्न विचारला. "भरती किती वाजता?" आणि स्वतःच हसली.

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. दर दिवशी वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. लहान पोरालाही हे पाठ असतं. इथे काय गुणायचं? तेवढ्यात सायकल ढकलत पाटकरी आला. कॅनॉलवर पाणी सोडणं, वाटणं त्याच्याकडे. आमच्या नळ्यांची चौकशी झाल्यावर त्याने हातातल्या चावीने पाण्याकडे बोट केलं.

"रविवारी संध्याकाळी आवर्तन सुटतंय बघा. मग पानी हटंल."

मैत्रिणीने वहीत लिहून घेतलं: ओहोटी, रविवार, संध्याकाळ.

दिवस दुसरा, शनिवार

सहाला चहा, सातला चिखल.

कामाची पद्धत सोपी आहे, निदान कागदावर. पाण्याच्या काठाला काटकोनात एक सरळ रेषा आखायची, कोरड्या बाजूपासून पाण्यापर्यंत. तिच्यावर ठरावीक अंतरावर काठ्या. प्रत्येक काठीपाशी दहा सेंटीमीटर व्यासाची नळी गाळात दाबायची, वरून बूच मारायचं आणि आतला गाळ तसाच उचलायचा. तो अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून धुवायचा. वर उरतील ते जीव फॉर्मालिनच्या बाटलीत, आणि बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. शाईने लिहिलं तर आठवड्यात अक्षर पुसून जातं आणि मग कुठल्या काठीचा गाळ हे भांडत बसावं लागतं. अशा नळीत एक अळी सापडली म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२७. म्हणून एकेक अळी महत्त्वाची.

आम्ही दीडशे मीटरची रेषा आखली. उतार मोजायला गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली होती. दीडशे मीटरला जेमतेम अर्धा मीटर उतार निघाला. डोळ्यांना तर ते सपाटच वाटतं.

वरच्या टोकाला, जिथून पाणी महिन्यापूर्वी गेलं असावं, गाळ वाळून भेगाळला होता. पाच-सहा कोनांच्या ढेकळांची फरशीच जणू. ही काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते आणि फाटते. भेगेत हात मनगटापर्यंत गेला. वर मेलेल्या घोंगल्यांचे, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायींचे, आणि शिंपल्यांचे ढीग. दुसऱ्या काठीपाशी वरून कोरडं आणि खाली लोण्यासारखं. तिसऱ्या काठीपाशी मी गुडघ्यापर्यंत गेले.

चिखलात रुतल्यावर माणूस पाय सरळ वर ओढतो. तसं केलं की खाली पोकळी होते आणि चिखल आणखी घट्ट धरतो. मैत्रीण लांबूनच ओरडली, "थांबू नकोस, मागं बस!" म्हणजे खरोखर मागच्या बाजूला बसकण मारायची, वजन पसरायचं, टाच हळूहळू गोल फिरवत हवा आत जाऊ द्यायची आणि मग पाय सोडवायचा. खाडीत तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बायकांकडून ती हे शिकली. त्या बायका चिखलात कधी उभ्या राहत नाहीत, सतत चालत असतात. माझा उजवा बूट मात्र चिखलानेच ठेवून घेतला. तासाभराने फळी टाकून तो काढला, तोवर त्यात एक घोंगली राहायला आली होती.

मग गंमत झाली. गाळाची नळी उभी कापून मैत्रीण बघत बसली आणि बराच वेळ काही बोलेना. खाडीचा गाळ कापला की वर काही मिलिमीटरचा तपकिरी थर दिसतो, तिथवर प्राणवायू पोचतो. त्याखाली काळाभोर थर. तिच्याकडची माती जांभ्याची, लालसर, त्यामुळे ही सीमा रेघ मारल्यासारखी उठून दिसते. इथे वरपासून खालपर्यंत सगळंच काळं! माती मुळातच काळी. "रंगावर विसंबायची सवय लागलीये मला," ती म्हणाली आणि नाक लावलं. खाडीच्या गाळाला कुजक्या अंड्यांचा वास येतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं, आणि प्राणवायू संपल्यावर जिवाणू त्यावर जगतात, त्याचा तो वास. तळ्याच्या गोड्या पाण्यात सल्फेट फारच थोडं. इथे ते काम मिथेन करणारे सूक्ष्मजीव करतात आणि मिथेनला वास नसतो. काठी खुपसली की पाण्यातून बुडबुडे वर येतात तेवढीच खूण. मुलाने काडी पेटवून बघू का विचारलं. नको म्हटलं. फॉर्मालिनची कॅन शेजारीच होती.

दुपारभर चाळण. या प्रकाराला माझ्याकडे चांगला शब्द नाही. काळी माती चाळणीतून जात नाही, ती चाळणीत मळली जाते. गोळे होतात. ते बादलीत भिजत घालायचे, हाताने हलके सोडवायचे, पुन्हा चाळायचे. जोर लावला की अळ्या तुटतात आणि अर्ध्या अळीची मोजणी कशी करायची हा वेगळाच वाद सुरू होतो (नियम असा आहे की डोकी मोजायची). चार वाजता मुलीच्या चाळणीत पहिली लाल अळी दिसली. सुईच्या टोकाएवढी जाड, रक्तासारखी लाल. काठावर संध्याकाळी ज्यांचे थवे घोंगावतात त्या न चावणाऱ्या चिलटांची ही पोरं. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू नसलेल्या गाळातही ती तग धरतात. मुलीने ती अळी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली, अण्णांनासुद्धा. अण्णा म्हणाले, "एवढ्यासाठी?"

तेव्हाच बापू आले. डोक्याला मुंडासं, हातात विळा. पाणी उतरलं की त्या जमिनीवर पेरणी करतात, तिला इकडे गाळपेर म्हणतात. सरकारी दप्तरातही हाच शब्द आहे. बापूंची गाळपेर आमच्या रेषेच्या वरच्या टोकाला लागून होती. कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, हिरवीगार उभी.

"गाळ मोजताय व्हय?"

"गाळातले किडे मोजतोय, बापू."

"मंग आदी इचारायचं की." त्यांनी विळ्याचं टोक दाखवत सांगितलं. त्या बाजूला रेती हाय, तिथं काय घावायचं न्हाई. मधी रेंदा हाय, तिथं पाखरं बसत्यात. आन पल्याड वड्याचं तोंड, तिथं खोल हाय, जाऊ नका, म्हस गेली व्हती गेल्या साली.

आम्ही नकाशा करायला दुसरा अर्धा दिवस धरला होता. बापूंनी तो पाच मिनिटांत करून दिला. मैत्रिणीने रेषा मुकाट्याने साठ मीटर डावीकडे सरकवली आणि पुन्हा काठ्या रोवल्या.

रात्री वडूजला बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं. माडग्याचा रंग आणि घट्टपणा बघून मुलाने वाटी बाजूला सारली. दिवसभर तेच बघितलं होतं बिचाऱ्याने.

दिवस तिसरा, रविवार

आज चिखलात उतरायचं नाही, फक्त बघायचं. आपण रोहितांना उठवून त्यांचं खाणं काय हे शोधायचं, यात काही अर्थ नाही. येरळवाडी-मायणीचा हा पट्टा २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि वनखात्याची परवानगी घेताना लांबून बघण्याची अट आम्हीच लिहून दिली होती. बाभळीच्या आडोशाला दुर्बिणी लावून बसलो.

रोहित कसा खातो ते मी वर्गात फळ्यावर दरवर्षी काढते. प्रत्यक्ष इतका वेळ पहिल्यांदाच बघितलं. मान खाली सोडायची, डोकं उलटं करायचं, वरची चोच खाली. जीभ पंपासारखी मागे-पुढे होते, पाणी आणि गाळ आत ओढला जातो, चोचीच्या कडांना असलेल्या दातेरी पट्ट्यांतून बाहेर फेकला जातो, आणि किडे आत राहतात. म्हणजे आम्ही काल दिवसभर जे केलं तेच. फक्त त्यांची चाळणी तुंबत नाही.

नऊच्या सुमाराला एक रोहित एका जागी पाय आपटायला लागला. डोकं मध्ये स्थिर, आणि बाकीचा पक्षी त्याभोवती गोल फिरतोय, पाय थपथप चालूच. घाण्याचा बैल जसा. पायांनी गाळ ढवळायचा आणि वर आलेलं मधल्यामध्ये टिपायचं. पंधरा-वीस मिनिटांनी तो दोन पावलं सरकला आणि पुन्हा तेच. मैत्रीण ताडकन उठून बसली. "काल चौथ्या काठीपाशी गोल खळगे होते! मला वाटलं म्हशी बसल्या असतील." मुलाने कालचे फोटो मोबाईलवर काढले. गोल खळगा, मध्ये उंचवटा. एक नाही, ओळीने सात. पाणी मागे सरल्यावर उघडी पडलेली गेल्या आठवड्याची ताटं होती ती.

बाकी हजेरी: शेकाटे पुष्कळ, चक्रवाकांच्या जोड्या, थापट्या, काठाने धावणारे छोटे टिलवे, चमचे अकरा. घोंगल्याफोड करकोचे बांधाकडच्या बाजूला. पट्टकादंब दिसले नाहीत. टिटवी अर्थातच होती आणि आम्ही आल्याची बातमी तिने सगळ्या धरणाला दिली.

दुपारी मायणीला जाऊन आलो. पाणी भरपूर, चिखल नाही, त्यामुळे आमच्या कामाचं काही नव्हतं. परतताना पोरांनी औंधचं संग्रहालय मागितलं. वेळ नव्हता. त्यावरून ती दोघं अजून नाराज आहेत.

एक गोष्ट मात्र मायणीहून येताना गाडीत बोलणं झालं ती लिहून ठेवते. गेल्या काही वर्षांत उरमोडीचं आणि जिहे-कठापूरचं पाणी उचलून या दुष्काळी भागात आणलं जातंय. तलाव भरलेले राहिले की गाळाचा पट्टा उशिरा उघडा पडतो किंवा पडतच नाही, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांना जागा राहत नाही. पक्षीनिरीक्षक मंडळी याबद्दल हळहळतात. मीही त्यातलीच. पण ज्या तालुक्यात माणसांनी जनावरं घेऊन छावणीत उन्हाळे काढलेत, तिथे "पाणी जास्त झालं" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. अण्णांचं गाव शेजारच्या माण तालुक्यात. ते गाडी चालवत होते, म्हणून नव्हे. खरंच निघत नाही.

संध्याकाळी बांधावर पाटकरी भेटला. साडेपाचला त्याने दार उचललं. कॅनॉलमध्ये पाणी आधी फेसाळलं, मग शांत झालं आणि चालू लागलं.

दिवस चौथा, सोमवार

पहाटे मैत्रिणीनेच सगळ्यांना उठवलं. काठावर पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. शनिवारी पाण्याच्या बरोबर कडेला रोवलेली काठी आता एकटीच गाळात उभी होती. टेप लावला. पाणी नऊ मीटर मागे गेलं होतं.

उंचीने किती उतरलं असेल? शनिवारी काढलेला उतार तीनशेला एक. म्हणजे नऊ मीटरला तीन सेंटीमीटर. पाणी बोटभर उतरलं आणि बैलगाड्यांची रांग लागेल एवढा नवा चिखल उघडा झाला. समुद्राला याच्यापेक्षा खूप मोठी ताकद लावावी लागते, त्याला चंद्र लागतो. इथे पाटकऱ्याची चावी पुरली.

आणि पक्षी! शेकाटे, टिलवे, तुतवार, सगळे त्या नव्या नऊ मीटरच्या पट्ट्यावर. कालचा ओला चिखल अजून ओलाच होता, पण तिकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली, मग तिने जे सांगितलं ते माझ्या मते या दौऱ्यातलं सगळ्यात कामाचं बोलणं. खाडीत तेच ताट दिवसातून दोनदा वाढलं जातं. किड्याला ठाऊक असतं की पाणी सहा तासांनी परत येणार. तो बिळात दडतो, शिंपला तोंड मिटतो, निवट्या मासा तर खुशाल चिखलावर बागडतो, पाणी आलं की पुन्हा सगळं सुरू. त्यांच्या अंगात ते घड्याळच असतं. इथल्या अळीला असलं काही माहीत नाही. पाणी गेलं ते पावसाळ्यापर्यंत गेलं. तिने खाली सरकायचं, चिलट होऊन उडायचं, नाहीतर वाळायचं. म्हणून प्रत्येक पट्टा एकदाच वाढलेलं ताट आहे आणि पक्ष्यांना पाण्याच्या मागोमाग जावंच लागतं.

हे पटवायला आकडे लागतील. आम्ही त्या नव्या पट्ट्यात आठ नळ्या घेतल्या, कालच्या पट्ट्यात आठ आणि भेगांच्या जागी आठ. बाटल्या आता प्रयोगशाळेत आहेत, मोजणी व्हायची आहे, आणि डोकी मोजायचं काम पोरांकडे आहे.

वरच्या टोकाच्या नळ्या घ्यायला गेलो तर पहिल्या दोन काठ्या गायब. काठ्यांना आम्ही लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या. शेजारी शेळ्यांच्या खुरांचे ठसे आणि अर्धी चावलेली चिंधी. काठ्या एका पोराने क्रिकेटच्या स्टंपासाठी नेल्या असं पुढे कळलं. तिसरा स्टंप आमचा नव्हता, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. गवंड्याच्या नळीने आणि बापूंच्या बांधावरून जागा पुन्हा काढली.

दुपारी वर रस्त्यावर ट्रॅक्टर आले. धरणातला गाळ काढून शेतात टाकायचं काम, बापूंनीही चार ट्रॉल्या सांगितल्या होत्या. गाळाची ट्रॉली माळावर पसरली की दोन-तीन वर्षं पीक वेगळंच येतं, असं त्यांचं म्हणणं. मी सहज विचारलं, आमची रेषा आहे तिथला उचलणार का? ते हसले. "तुमी किडं मोजून घ्या, मंग बगू."

निघताना मैत्रिणीने त्यांना रत्नागिरीहून आणलेली आमसुलं दिली. त्यांनी कडवळाच्या कडेला लावलेलं कलिंगड तोडून दिलं. पिकलं नव्हतं. फलटणच्या बाजूने येणारा वारा, अंगावर वाळून तडकलेला चिखल आणि आत पांढरट-गुलाबी कलिंगड. आम्ही बांधावर बसून ते सगळं संपवलं.

परतीच्या वाटेत कोरेगावच्या अलीकडे गाडीत वास पसरला. अण्णांनी काचा उघडल्या. एक बादली धुवायची राहिली होती, आणि गोड्या पाण्याच्या गाळाला वास नसतो हे माझं शनिवारचं व्याख्यान अण्णांनी मला शब्दशः ऐकवलं.

काल बापूंचा फोन आला होता. पाणी आणखी मागे गेलंय, त्यांनी तिसऱ्या काठीपर्यंत नांगरून कडवळ पेरलंय.

"काठी काडली न्हाई मॅडम. तिच्याभवतीनं पेरलंय."